निर्गुडीचा शेक

आबा, आज दुपारी आईनं मला निर्गुडीचा शेक दिला, तुम्हाला द्यायची तसाच. पातेलं तेवढं माझ्या स्वयंपाकघरातलं, बाकी सगळं तेच. पाला वडगाव निंबाळकरचा, आपल्या कॅनॉलच्या चारीच्या कडेचा. पिशवी भरून तिनं तो एसटीतून इंदापूरपर्यंत मांडीवर धरून आणला. गॅसवर पाणी खळखळ उकळलं, त्यात मुठीमुठीनं पाला टाकला, मला स्टुलावर बसवलं, वरून वाकळ पांघरली आणि पायांशी पातेलं सरकवलं. मे महिना आहे. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि चाळिशी कधीच ओलांडलेली, बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवणारी तुमची लेक वाकळेच्या आत मुकाट घाम गाळत बसली होती. माझ्या वर्गातल्या पोरांनी पाहिलं असतं तर त्यांना हसायला वर्षभर पुरलं असतं. मला मात्र आत तुमची इतकी आठवण आली की रडू आवरेना. वाफेमुळं ते आईला दिसलं नाही, एवढं बरं झालं.

मला जो आजार झालाय त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. डॉक्टर नुसतं एमएस म्हणतात, जणू एखादी पदवीच आहे. तुम्ही दुधाच्या सेंटरातल्या मोटारी सांभाळलेला माणूस, तुम्हाला हे दोन वाक्यांत कळेल. केबलवरचं रबर घुशीनं कुरतडलं की मोटार मधूनच अडते, मधूनच चालते, आणि एक दिवस बंद पडते. आपल्या नसांवरही तसंच एक आवरण असतं. फरक एवढाच की इथं घूस बाहेरून येत नाही. शरीराची राखण करायला ठेवलेल्या आपल्याच पेशी ते आवरण कुरतडतात. आधी माझा उजवा डोळा गेला आणि महिन्याभरात परत आला. मग हाताला मुंग्या, मग कमरेभोवती कुणी दोर आवळावा तसं. प्रत्येक वेळी येऊन उतरायचं. आता पाय ओढला जातो तो उतरत नाही. मेंदूचे फोटो काढून पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, त्या दिवशी मला वाटतं तुमच्याही आजाराला नाव मिळालं. पुरावा काही नाही. तुमचे कुणी फोटो काढले नाहीत, तुमचं रक्त कुणी ठेवलं नाही. तालुक्याचे डॉक्टर 'नसांचा अशक्तपणा' म्हणायचे आणि लाल रंगाचं इंजेक्शन द्यायचे. पण तुमचं चालणं माझ्या डोळ्यांत आहे, आणि आरशात मी रोज तेच चालणं बघते.

नाव सांगून झाल्यावर डॉक्टरांनी काय काय टाळायचं ते सांगितलं. कढत पाण्यानं अंघोळ नको, उन्हात हिंडणं नको, चुलीपुढं बसणं नको, ताप अंगावर काढायचा नाही. आवरण गेलेल्या नसेला उष्णता सोसत नाही, म्हणाल्या. अंग तापलं की त्या नसेतून निरोप पुढं जात नाही. डोळ्यांपुढं धुकं येतं, पाय ऐकत नाहीत. गार झालं की पुन्हा चालू. शेकानं मूळ आजार वाढत नाही, त्रास तेवढ्यापुरताच बळावतो, हेही त्यांनी नीट समजावलं. मी ऐकत होते आणि मला समोर आपलं अंगण दिसत होतं, उन्हात टाकलेली तुमची खाट दिसत होती. मी तिथंच रडायला लागले. डॉक्टरांना वाटलं मी माझ्या आजारासाठी रडतेय. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

तुमचं चालणं आठवायला लागलं की मला दोन निरनिराळी माणसं आठवतात. एक दुधाच्या चिलिंग सेंटरमधला. संध्याकाळच्या दुधाची वेळ आहे, मी तुमचा डबा घेऊन आलेय. बाहेर टेम्पो लागलेत, गावोगावचे कॅन दणादण उतरतायत. आत शिरलं की अमोनियाचा उग्र वास नाकात बसतो आणि ओल्या फरशीचा गारवा चपलेतून पायात चढतो. तुम्ही गमबूट घालून भरलेला कॅन जरासा तिरका करता आणि त्याच्या कडेवर गोल फिरवत नेता, एका हातानं एक आणि दुसऱ्या हातानं दुसरा, तोल कणभर जात नाही. कॉम्प्रेसरच्या आवाजात तुम्ही मला ओरडून सांगता, डबा तिकडं ठेव, आणि जाताना बर्फाच्या टाकीतून फोडलेला एक तुकडा गोणपाटात गुंडाळून माझ्या हातात देता. घरी पोचेपर्यंत तो निम्मा होई, आणि उरलेला निम्मा मी एकटीच खाई. मला वाटायचं, सगळ्या गावात फक्त माझ्याच बापाला बर्फ तयार करता येतो.

दुसरा माणूस सेंटरच्या फाटकाबाहेरचा. तिथून घरापर्यंतचा रस्ता कॅनॉलच्या कडेनं, आणि उन्हाळ्यात तो संध्याकाळीही भट्टीसारखा. निम्म्या रस्त्यात तुमचा डावा पाय फरफटायला लागतो. तुम्ही कॅनॉलच्या पुलाच्या कठड्यावर बसता, मग उठता, मग माझ्या खांद्यावर हात ठेवता. चौकात टोळकं बसलेलं असतं. त्यातला एक हमखास म्हणणार, "काय आबा, आज लौकरच टाकली वाटतं?" तुमच्या गळ्यात तुळशीची माळ. तुम्ही आयुष्यात थेंब घेतला नाही. तुम्ही हसून म्हणता, "व्हय गा, दूध जरा जास्त झालं." ते हसतात, तुम्ही हसता, आणि माझ्या खांद्यावरचा हात मात्र इतका जड होतो की मला चालवत नाही. मला त्या माणसांचा अजून राग आहे. त्यातले बरेच आता नाहीत, तरी आहे.

आता बघा, आबा, सेंटरमध्ये तुम्ही धडधाकट आणि बाहेर आलात की पाय ओढताय, हे सगळ्या गावाला दिसत होतं. त्यावरून गावानं काय निष्कर्ष काढावा? सेंटरच्या गारठ्यानं आबांच्या अंगात वारं शिरलं. आत असतात तोवर कळत नाही, बाहेर आलं की वात उसळतो. आजी, शेजारची माणसं, मालिश करणारा, तालुक्याचे डॉक्टर, सगळ्यांचं यावर एकमत. दिसत होतं ते खरं होतं आणि काढलेला अर्थ बरोबर उलटा होता. गारव्यात तुमच्या नसा कशाबशा काम करत होत्या, आणि आम्ही त्या गारव्यालाच धरून बसलो. वातावर ऊब हा इलाज आपल्याकडं कुणाला सांगावा लागत नाही, पाळण्यातल्या पोराला टाळू भरतात तसा तो आपोआप येतो.

आई पदर खोचून सेंटरच्या मॅनेजरपुढं जाऊन उभी राहिली तो दिवस मला आठवतो, कारण मी तिच्या बरोबर होते. ती कधी कुणा परक्या पुरुषासमोर आवाज काढत नसे. त्या दिवशी मात्र म्हणाली, "सायेब, ह्या गारठ्यानं माज्या मानसाची दशा केली. तुमाला हात जोडते, त्येंना हितनं मोकळं करा." मॅनेजर म्हणाले, "अवो वहिनी, ऑपरेटर म्हणून त्यांच्यासारखा माणूस मला मिळायचा न्हाय." आई हटली नाही. तुम्ही मागं कॅनजवळ उभे होतात आणि फरशीकडं बघत होतात. तुम्ही एक शब्द बोलला असता तर ती गप्प बसली असती. तुम्ही नाही बोललात. घरी आल्यावर शेजारणी आईला म्हणाल्या, नवऱ्यासाठी अशी बायको पाहिजे. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी नंतर कधी बघितलं नाही. आज दुपारी ते तिच्या आवाजात पुन्हा ऐकू आलं.

त्यानंतर तुमचं घरात बसणं सुरू झालं. सकाळी कोवळ्या उन्हात खाट, दुपारी चुलीत तापवलेली विटकर फडक्यात गुंडाळून पोटऱ्यांना, संध्याकाळी एरंडाच्या पानांना तेल लावून गुडघ्यांना, आणि एक दिवसाआड निर्गुडी. आई त्यात इतकी बुडून गेली होती की स्वतः जेवायची विसरायची. वाकळेखालून तुम्ही बाहेर यायचा तेव्हा तुमचे डोळे कुठंतरी भलतीकडं बघत असायचे आणि मान सावरत नसायची. आई विचारायची, "कसं वाटतंय?" तुम्ही म्हणायचा, "बरं वाटतंय." ती पातेलं घेऊन पाला टाकायला परसात गेली की तुम्ही मला खुणेनं बोलवायचा. "रांजणातलं पाणी आण, वत माज्या पायावर. डोक्यावरबी वत." मला तो खेळ वाटायचा. मी तांब्यानं पाणी ओतायची आणि तुम्ही डोळे मिटून बसायचा. थोड्या वेळानं तुमचे डोळे जागेवर यायचे, तुम्ही माझ्याकडं बघून हसायचा. एकदा मी म्हणाले, आईला सांगते, की आबांना गार पाणीच आवडतं. तुम्ही मला कधी रागावत नव्हता, पण त्या दिवशी मनगट घट्ट धरून दरडावलंत, "तिच्याम्होरं चकार शब्द काढायचा न्हाय. तिच्या हातात दुसरं काय हाय?" मी तांब्या रांजणावर पालथा घातला. पुढं तुम्ही खाटेवरून उठलाच नाहीत, पाठीला जखमा झाल्या, ताप चढला तो उतरला नाही, आणि त्या तापातही आई तुमचे पाय शेकत होती.

म्हणजे तुम्हाला कळत होतं. नाव माहीत नव्हतं, कारण माहीत नव्हतं, पण शेकल्यानं पाय जातात आणि गार पाण्यानं येतात हे तुमच्या अंगाला कळलेलं होतं. तरी वर्षानुवर्षं तुम्ही त्या वाकळेखाली बसलात. हा माझा प्रश्न आहे, आबा. 'बरं वाटतंय' असं तुम्ही रोज म्हणायचा, ते तुम्हाला कसं जमलं?

मी आईला माझ्या आजाराचं नाव सांगितलेलं नाही. मणक्यात नस दबलीय, एवढंच सांगितलंय. ती गावाकडं माझ्या भावाजवळ असते. गेल्या आठवड्यात माझं चालणं बघायला म्हणून आली आणि दारातच थबकली. मी चपला ठेवायला वाकून चार पावलं टाकली, त्यावरून तिनं ओळखलं. "आगं, ह्ये तर तुज्या बापाचं चालनं हाय," म्हणाली. मी खोटं हसून काहीतरी सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी माघारी गेली आणि पाला घेऊन आली. "घाबरू नगं. त्या येळला माजं चुकलं, उशिरा शेकाय लागले. ह्या वक्ताला उशीर न्हाय करायची." जेवताना पुन्हा तेच काढलं. "एक दिस चुकवला न्हाय मी. आन त्येंनीबी कधी कुरकुर केली न्हाय. बरं वाटतंय म्हनायचे. येवडं एक माज्या जिवाला हाय बघ." आबा, तिच्याजवळ तुमचं एवढंच उरलंय. फोटोही धड नाही. मी तिला खरं सांगायचं म्हणजे हे तिच्या हातातून काढून घ्यायचं. डॉक्टर म्हणतील की त्रास तेवढ्यापुरताच असतो, शेकानं तुमचं मूळ दुखणं वाढलं नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला 'तेवढ्यापुरता' हा शब्द कसा समजावू? ती एवढंच ऐकेल की मी शेकत होते आणि ते सोसत होते. ती उरलेला जन्म प्रत्येक शेक आठवत बसेल. आणि सेंटरच्या मॅनेजरपुढं जोडलेले हात आठवेल, ते तर त्याहून वाईट.

माझ्या नवऱ्याला हे पटत नाही. तो लोणी देवकरला एका कारखान्यात फिटर आहे, तुटलं तिथं धरायचं आणि जोडायचं, एवढं त्याला कळतं, आणि तो चुकीचा नाही. मला आजार झाल्यापासून त्यानं घरात कूलर आणला, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले, मला गॅसपुढं उभं राहू देत नाही. काल आई न्हाणीत असताना म्हणाला, "आईंना सांगून टाक की एकदा. तुला दिसेना झाल्यावर सांगणारेस का?" मी म्हणाले, सांगते, उद्या सांगते. तो म्हणाला, "तू न्हाय सांगितलंस तर मी सांगीन." तो सांगणार नाही. त्याला माझ्या आईपुढं भाताला नको म्हणायचीही चोरी.

तुम्हाला वाटेल, एवढं शिकून पोरगी नुसती रडगाणं गातेय, इलाजाचं काय? इलाज चालू आहे. इंजेक्शनं आहेत, येऊन उतरणारे झटके कमी करतात. पण आता माझ्या आजारानं वळण घेतलंय की नाही, झटके थांबून नुसतं झिजणं सुरू झालंय की नाही, म्हणजे मी तुमच्या वाटेला लागले की नाही, हे कुणाला नक्की सांगता येत नाही. त्यासाठी पुण्याच्या त्या हॉस्पिटलात एक संशोधन चाललंय आणि मी त्यात नाव घातलंय. दर खेपेला ते माझं थोडं रक्त जास्तीचं घेतात आणि त्यात मायक्रोआरएनए शोधतात. हे मी वर्गात शिकवते, आबा. पेशीच्या गाभ्यात डीएनए असतो, तिथं सगळ्या सूचना. त्यातल्या एका सूचनेची नक्कल होते, ती आरएनए. ती चिठ्ठी बाहेर जाते आणि चिठ्ठीप्रमाणे माल तयार होतो. पोरांना इथवर कळतं. मग मी सांगते की काही आरएनए अगदी तोकडे असतात, तेच मायक्रोआरएनए, त्यांच्यापासून कुठलाच माल बनत नाही. त्यांचं काम एवढंच की बाहेर पडलेल्या चिठ्ठीवर जाऊन बसायचं आणि ती वाचू द्यायची नाही. तुमच्या सेंटरमध्ये तो कारकून होता ना, टँकर सोडायची चिठ्ठी खिशात घालून चहाला जाणारा? तो येईपर्यंत टँकर जागचा हलत नसे. तसलेच हे. आणि गंमत म्हणजे असे कारकून लागतात. ते नसले तर शरीरात सगळ्याच चिठ्ठ्या एकदम सुटतील आणि गोंधळ माजेल.

या आजारात त्या कारकुनांचं ताळतंत्र सुटतं. त्यांना नावं नाहीत, नुसते आकडे. एकशे पंचावन्न नंबरचा वाढतो आणि ज्या चिठ्ठ्या राखणदार पेशींना आवर घालायच्या, त्यांच्यावरच जाऊन बसतो; मग राखणदार मोकाट. दोनशे एकोणीस नंबरचा, ज्याच्याशिवाय नसांवर नवं आवरण घालणाऱ्या पेशी वयात येत नाहीत, तो कमी पडतो. म्हणजे कुरतडणारे जोरात आणि गुंडाळणारे पोरवयातच अडकलेले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हुरळून गेले होते. वाटलं, सापडलं. तुमच्या पायांत काय शिरलं होतं ते सापडलं. वारं नव्हतं, वात नव्हता, हे होतं. एवढीशी, डोळ्यांना न दिसणारी गोष्ट. एकाला दाबा, दुसऱ्याला वाढवा, की झालं. मी नवऱ्याला संशोधनाचे पेपर वाचून दाखवले. तो जेवता जेवता ऐकत होता. म्हणाला, "मग कधी येतंय औषध?"

गेल्या खेपेला मी रक्त घेणाऱ्या डॉक्टरबाईंना थेट विचारलं. तरुण आहे, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. मी म्हणाले, माझ्या रक्तात काय दिसतंय तेवढं सांगा, मला माझ्या वडिलांसारखं होणार का. ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या एकटीचं मला सांगता नाही येणार. बऱ्याच जणांचं एकत्र केलं की गटात काहीतरी फरक दिसतो. एका माणसावर बोट ठेवून नाही सांगता येत. आणि आमच्याकडं जो वाढलेला दिसतो, तो दुसऱ्या लॅबमध्ये कधीकधी कमी दिसतो." मी विचारलं, मग औषध? म्हणाली, प्रयत्न चाललेत. पण तो एकच तुकडा कितीतरी चिठ्ठ्यांवर बसतो, त्याला दाबायला गेलं की भलतंच काहीतरी सुटतं. आणि मेंदूपर्यंत तो पोचवायचा कसा, हेही आहेच. मग हे रक्त कशासाठी घेताय, असं मी विचारलं, आणि माझा आवाज चढला होता. ती म्हणाली, "पुढच्यांसाठी, मॅडम." खरं बोलली बिचारी. शिक्षक म्हणून मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले असते. पण मी तिथं शिक्षक म्हणून गेले नव्हते. मी पुढची नाही, मी आत्ताची आहे. माझं रक्त तिथं शून्याच्या कितीतरी खाली असलेल्या कपाटात ठेवलंय, गोठवून. आपल्या घराण्यात गारव्यात सुखानं राहायला मिळालेलं तेवढंच.

परतीच्या एसटीत मला पहिल्यांदा स्पष्ट कळलं की मला कुणी काही सांगणार नाही, आणि त्याची गरजही नाही. मला माहीत आहे पुढं काय आहे. मी ते खाटेच्या पायथ्याशी बसून बघितलंय. विज्ञानानं मला तुमच्यापेक्षा जास्त दिलं ते एवढंच की मला त्या कारकुनांचे नंबर माहीत आहेत. कधीकधी वाटतं, तुमचं बरं होतं. तुम्हाला वाटत होतं वारं शिरलंय, आणि शिरलेलं वारं निघूही शकतं.

आज नवरा सकाळच्या पाळीला जाताना दारातून माझ्याकडं बघून गेला. त्याला मी मान डोलावून हो म्हटलं होतं. वाक्य तयार होतं: आई, मला उष्णता सोसत नाही, डॉक्टरांनी शेक बंद सांगितलाय. तुमचा उल्लेखही करायचा नाही असं ठरवलं होतं. पण तेवढ्यानं भागणार होतं का? तिनं विचारलं असतं, का सोसत नाही? आजार कसला? आणि मग, त्यांना कसा सोसला? ती शाळा शिकलेली नाही, पण दोन आणि दोन चार तिला कळतात. मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा पाणी उकळत होतं. ती ओट्याला टेकून उभी होती, वाफेनं तोंड लालबुंद झालेलं. पाला टाकताना ती चारीच्या पाण्याबद्दल काहीबाही बोलत होती. मी जाऊन स्टुलावर बसले. मीच वाकळ तिच्या हातात दिली.

आत सगळं तसंच होतं, तुमचा वास सोडून. थोड्या वेळात उजव्या डोळ्यापुढं दुधासारखं पांढरं आलं, मग पाय गेले. गेले म्हणजे दुखले नाहीत. होते तिथं नुसतं काही नव्हतं. आई खाली उकिडवी बसून गरम पाला माझ्या तळव्यांना चोळत होती. मला तिचे हात कळत नव्हते, फक्त तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मग तिनं वाकळेची कड उचलून तोंड आत घातलं आणि विचारलं, "कसं वाटतंय गं?" मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पांढऱ्यात एक काळसर आकार दिसत होता. मी म्हणाले, बरं वाटतंय. ती म्हणाली, "बघ! म्हनलं न्हवतं? उद्या परत करू." आणि पातेलं उचलून गेली. पायांवर पाणी ओतायला माझ्याजवळ कुणी नव्हतं. कूलरकडं तोंड करून बसून राहिले. डोळे जागेवर यायला वेळ लागला. पाय आले, पण आधी जेवढे होते तेवढे आले का, ते मला नक्की सांगता येत नाही. नवरा आता पाळीवरून येईल आणि माझ्या तोंडाकडं बघून त्याला कळेल. तो ओला टॉवेल आणून मानेवर ठेवील.

आई आत झोपलीय. शांत झोपलीय, किती तरी दिवसांनी. तिला अक्षर लावून लावून थोडं वाचता येतं, म्हणून हे कागद घरात ठेवायचे नाहीत. तिनं चहा ठेवायच्या आत फाडून टाकीन. तुम्हाला विचारायचं होतं की तुम्ही खोटं बोलत होता का. आता विचारत नाही. उद्या ती पाणी ठेवील आणि मी बसेन. ती आहे तोवर बसेन. ती गेल्यावर मला शेकायला कुणी नसेल, आणि तेव्हा बहुधा मी तुमच्यासारखी आडवीच असेन. एवढंच सांगायचं होतं की तिनं वाकळ उचलून विचारलं तेव्हा मला दिसत नव्हतं, पाय नव्हते, आणि तरीसुद्धा, आबा, तिनं वाकळ इतक्यात काढू नये असं मला वाटत होतं.